कारस्थान सत्तेच्या पथ्यावर

सरकार चालवणारे कोणी वेगळेच असतात, मंत्री आणि पोलीस ही नुसती कळसूत्री बाहुली, या समजुतीवर बेतलेल्या भयकथांमध्ये ‘फ्रॉम हेल’ या कॉमिकच्या तोडीचे फारसे काही नाही. ॲलन मूर यांनी लिहिलेले आणि एडी कॅम्पबेल यांनी काळ्या शाईच्या रेघोट्यांत उभे केलेले हे पाचशेहून अधिक पानांचे काम 1989 पासून ‘टॅबू’ या भयकॉमिकच्या संग्रहात हप्त्याहप्त्याने येऊ लागले आणि 1999 मध्ये एकत्र छापले गेले. गोष्ट आहे 1888 च्या लंडनची. व्हाइटचॅपल भागात काही आठवड्यांत पाच गरीब बायकांचे खून झाले आणि ‘जॅक द रिपर’ कधीच सापडला नाही. कॉमिकमध्ये मात्र तो सापडतो. राणी व्हिक्टोरियाच्या नातवाने दुकानात काम करणाऱ्या एका मुलीशी चोरून संसार थाटलेला असतो, ते गुपित ठाऊक असलेल्या बायका पैसे मागू लागतात, आणि राणी आपले वैद्य सर विल्यम गल यांना त्यांची तोंडे बंद करायला सांगते. पोलिसांतले फ्रीमेसन, म्हणजे त्या गुप्त बंधुसंघाचे सदस्य, गलचा माग पुसत जातात. अशी गोष्ट सत्तेचा बुरखा फाडते असे वाचणाऱ्याला वाटते. मला ती उलट सत्तेच्या पथ्यावर पडणारी वाटते, आणि मूर यांचे मोठेपण हे की त्यांना ही अडचण कळलेली होती.

त्या पाच मृत्यूंमागची कारणे शोधायला कोणत्याही गुप्त दालनात शिरावे लागत नाही. मेरी ॲन निकोल्स ज्या रात्री मारली गेली त्या रात्री तिला लॉजिंग हाऊसमधून बाहेर काढले होते, कारण खाटेचे चार पेनी तिच्यापाशी नव्हते. आठवड्याभराने ॲनी चॅपमन याच कारणाने मध्यरात्रीनंतर रस्त्यावर आली. कॅथरीन एडोज दारू प्यायली म्हणून पोलीस कोठडीत होती. तिला रात्री एकच्या सुमाराला सोडून दिले आणि पाऊण तासात माइटर स्क्वेअरमध्ये तिचे प्रेत सापडले. हे सगळे मृत्यूंच्या चौकशीत उघडपणे सांगितले गेले आणि वर्तमानपत्रांत छापून आले. गलिच्छ वस्त्या पाडण्याचा 1875 चा कायदासुद्धा पार्लमेंटने दिवसाढवळ्या केला होता. घरे पडली, नव्या इमारतींची भाडी हातावर पोट असणाऱ्यांना झेपली नाहीत आणि उरलेल्या गल्ल्यांत गर्दी वाढली. राणी आणि वैद्याचे कारस्थान खरे मानले की मूठभर दुष्ट माणसे गुन्हेगार ठरतात, आणि कायदा करणारे, भाडे वसूल करणारे, मते देणारे सगळे निर्दोष सुटतात. कॅम्पबेल यांच्या चित्रांत हा दुसरा गुन्हा सतत दिसत राहतो. बायका चार पेनींसाठी वणवण फिरतात ती पाने, माझ्या मते, गलच्या रक्तरंजित पानांपेक्षा अधिक भीतीदायक आहेत.

कारस्थानाचा चष्मा पुराव्याचे काय करतो, हे भिंतीवरच्या खडूच्या ओळीवरून कळते. एडोजच्या ॲप्रनचा रक्ताळलेला तुकडा गोलस्टन स्ट्रीटवरच्या एका दारात मिळाला, आणि वर भिंतीवर ज्यूंचा उल्लेख असलेले एक वाक्य होते. पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी फोटो काढण्याइतका उजेड होण्याआधीच ते पुसून टाकायला लावले. वॉरन फ्रीमेसन होते, हे खरे. स्टीफन नाइट यांनी 1976 च्या पुस्तकात याच धाग्यावर सिद्धांत उभा केला, आणि मूर यांनी कथानक तिथूनच उचलले. पण वॉरन यांनी गृहखात्याला लेखी कारण दिले होते. रशियन साम्राज्यातून पळून आलेले ज्यू त्या वस्तीत दाटीने राहत होते, बाजार भरायच्या वेळी ते वाक्य लोकांनी वाचले असते तर दंगल उसळली असती. हा निर्णय चुकला असे म्हणता येईल. सिटी पोलिसांच्या माणसांना तो त्याच वेळी चुकीचा वाटला होता. पण त्यामागची भीती खरी होती, आणि ती कोणत्याही गुप्त विधीपेक्षा त्या शहराबद्दल जास्त सांगते.

यावर कोणी म्हणेल, सरकारे खरोखर दडपादडपी करतात, मग संशय घेणाऱ्याला मूर्ख का ठरवायचे? ठरवू नयेच. रिपरच्या पुढच्याच वर्षी, 1889 मध्ये, क्लीव्हलँड स्ट्रीटवरच्या पुरुष वेश्यागृहाचे प्रकरण निघाले. तपासाला रिपर प्रकरणातलेच इन्स्पेक्टर ॲबरलाइन होते. युवराजांच्या घोड्यांची व्यवस्था पाहणारे लॉर्ड आर्थर सॉमरसेट अटक व्हायच्या आत परदेशी निसटले आणि राणीच्या त्याच नातवाचे नाव कुजबुजीत आले. बड्यांना वाचवण्याची खटपट झाली, यात शंका घ्यायला फारशी जागा नाही. पण ती टिकली किती? काही महिन्यांत अर्नेस्ट पार्क या संपादकाने नावे छापली आणि बदनामीच्या खटल्यात बारा महिन्यांची कैद ओढवून घेतली. 1890 च्या फेब्रुवारीत हेन्री लॅबुशेर यांनी पार्लमेंटमध्ये पंतप्रधानांवरच दडपादडपीचा आरोप केला. खरी दडपादडपी अशीच असते: घाईची, गळकी, कारकुनांच्या आणि तारांच्या भरवशावर चाललेली. भयकथेतली अदृश्य सत्ता मात्र कधी चुकत नाही. सरकारला एवढी कार्यक्षमता बहाल करणे म्हणजे त्याच्यावर टीका नव्हे, त्याची खुशामत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वाजवी आहे. कॉमिक म्हणजे कल्पित कथा, तिच्याकडून इतिहासाचा हिशेब कशाला मागायचा? मूर यांनी तो न मागताच दिला, म्हणून. पुस्तकाच्या शेवटी प्रकरणवार लांबलचक टिपा आहेत. कोणता प्रसंग कागदपत्रांतला, कोणता नाइट यांचा आणि कोणता आपण रचला, हे मूर तिथे सांगतात आणि नाइट यांच्या सिद्धांतावर आपला विश्वास नसल्याचेही लिहितात. त्यापुढे एक चित्ररूप परिशिष्ट आहे, ज्यात रिपर शोधणारे पिढ्यान्‌पिढ्या हातात जाळी घेऊन धावताना दिसतात. ही थट्टा त्यांच्या स्वतःवरही आहे. नाइट यांना मूळ गोष्ट सांगणाऱ्या जोसेफ सिकर्ट यांनी 1978 मध्ये ‘संडे टाइम्स’कडे ती बनावट असल्याचे कबूल केले होते. खऱ्या गल यांना तर 1887 मध्येच पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि खुनांच्या वेळी ते सत्तरी ओलांडलेले होते. असे असूनही कारस्थानाची आवृत्तीच चालत राहिली. 1988 च्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत मायकेल केन यांनी रंगवलेला ॲबरलाइन गललाच पकडतो. पुढे 2001 मध्ये ‘फ्रॉम हेल’वर जॉनी डेपचा चित्रपट निघाला. त्यात राणी आहे, वैद्य आहे, फ्रीमेसन आहेत. टिपा आणि जाळीवाले परिशिष्ट तेवढे गाळले आहे.