निर्दोषत्वाची किंमत कोणी मोजायची?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. परंतु आरोपी म्हणून ज्याचे नाव गोवले गेले, त्या कामगारास हे शहाणपण दाखविण्याची मुभाच नसते. मे २०२२ मध्ये बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात कामगार संघटनेच्या वादातून हिंसाचार झाला. पोलीस जखमी झाले, कामगारांची धरपकड झाली. पोलिसांवर हात उचलणाऱ्यास शिक्षा झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. मात्र ती शिक्षा कृत्याची असावी, जमावात उभे राहिल्याची नव्हे.

हा भेद पुसला गेला की काय होते, ते हरियाणातील मानेसरने दाखविले आहे. तेथील मोटार कारखान्यात जुलै २०१२ मध्ये उसळलेल्या दंगलीत एका अधिकाऱ्याचा बळी गेला. १४८ कामगारांवर खटला चालला. २०१७ मध्ये ३१ जण दोषी ठरले, ११७ जण निर्दोष सुटले. त्यांतील अनेकांची उमेदीची वर्षे जामिनाअभावी तुरुंगातच गेली होती. ब्रिटनमध्येही १९७२ च्या बांधकाम कामगार संपानंतर श्रूजबरी येथे खटले चालले. साक्षीदारांचे मूळ जबाब नष्ट केल्याची बाब बचाव पक्षापासून दडविली गेली होती. त्या कारणावरून १४ जणांची दोषसिद्धी रद्द झाली ती थेट २०२१ मध्ये! तोवर त्यांतील काही हयातही नव्हते.

वकिलाचे शुल्क, बुडालेला रोज, गेलेली नोकरी यांची भरपाई कोणी करायची? बोईसरमधील परप्रांतीय कंत्राटी कामगारास प्रत्येक तारीख म्हणजे दिवसभराच्या मजुरीवर पाणी. पुरेशा कारणाविना अटक करविणाऱ्याकडून भरपाई देववण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तिची कमाल मर्यादा अवघी एक हजार रुपये! विधी आयोगाने २०१८ मधील २७७ व्या अहवालात अन्याय्य खटल्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र तरतूद सुचविली. तिला अद्याप कायद्याचे रूप आलेले नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगारास मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. पालघरमधील वकिलांनी व कार्यकर्त्यांनी तो कामगार वस्त्यांपर्यंत पोहोचवावा. लोकप्रतिनिधींनी आयोगाची शिफारस संसदेत मार्गी लावावी. निरपराध ठरण्यासाठी श्रमिकाला गावाकडची जमीन विकावी लागत असेल, तर त्या निर्दोष मुक्ततेला न्याय कसे म्हणायचे?