पेटी टाकीच्या वयाची हवी

ॲक्वेरियमच्या हौशी ग्राहकाला दरमहा घरपोच पेटी पाठवण्याचा धंदा सुरू करायला सोपा आहे. खाद्याची डबी, पाण्यात घालायची एखादी बाटली, दोन-चार रोपं, एक जाळी, वर रंगीत पत्रक. पहिली पेटी ग्राहक हौसेनं उघडतो. अडचण येते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. दोन फुटी टाकीतल्या दहा निऑन टेट्रांना दिवसाला चिमूटभर खाद्यही जास्त होतं. 50 ग्रॅमची डबी त्यांना कित्येक महिने पुरते, आणि ती संपायच्या आतच त्यातलं क जीवनसत्त्व उतरू लागतं. तरी आपण दरमहा नवी डबी पाठवतो. मग एक तर कपाट भरतं आणि ग्राहक वर्गणी थांबवतो, नाहीतर आलेलं संपवायचं म्हणून तो हात सैल सोडतो. हे दुसरं अधिक वाईट. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, अमोनिया चढतो, मासे मरतात. ज्याचे मासे असे मेले तो नवशिका पेटीबरोबर छंदही सोडतो, आणि त्याला परत आणणं कोणत्याही जाहिरातीला जमत नाही.

म्हणून आमचं स्पष्ट म्हणणं आहे की पेटी महिना बघून भरू नये, टाकीचं वय बघून भरावी. वर्गणी घेताना नाव-पत्त्यासोबत एवढं विचारलंच पाहिजे: टाकी किती लिटरची, पाणी कधी भरलं, आणि पाणी कुठलं?

नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात ग्राहकाला खाद्यापेक्षा तपासणी किट, क्लोरीन घालवायला हायपो आणि कोणीतरी धीर देणारं हवं असतं. पहिल्या पेटीत छापील तक्ता ठेवा. अमोनिया आधी चढेल, मग नायट्राइट चढेल, दोन्ही शून्यावर आले की मगच मासे सोडायचे, हे त्यात साध्या शब्दांत असू द्या. तक्त्याला फारसा खर्च नाही, पण पुढचं वर्षभर तोच ग्राहक टिकवतो. सहा महिन्यांच्या टाकीचं दुखणं वेगळं असतं: वाढलेलं नायट्रेट, काचेवरचं शेवाळ, पिवळी पडणारी पानं. तिथे सायफन आणि रोपांचं खत शोभतं. वर्ष ओलांडलेल्याला आर्टेमियाची अंडी पाठवा. मिठाच्या पाण्यात, 28 अंशांच्या आसपास, हवा सोडून ठेवली की एक ते दीड दिवसात पिल्लं बाहेर येतात, आणि ती हालचाल पाहून जुना हौशीही नव्यानं रमतो.

पाण्याचा प्रश्न आपण फारच कमी विचारतो. मुंबईच्या नळाला तलावांचं मऊ पाणी येतं. तिथे कोळंबी पाळणाऱ्याला खनिजं द्यावी लागतात. मराठवाड्यातल्या बोअरवेलच्या जड पाण्यावर टाकी चालवणाऱ्याला तीच पुडी दिली तर पैसे वाया जातात आणि जड पाणी आणखी जड होतं. एकच पेटी दोन्ही घरी पाठवणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं आहे.

पेटीत काय निघेल याची उत्सुकता हा या धंद्याचा गोडवा आहे, हे मान्य. पण ती निर्जीव वस्तूंपुरती राहू द्या. मासे पेटीत नकोतच. एका फायटर नराच्या टाकीत दुसरा नर किंवा उबेच्या पाण्यात गोल्डफिश, अशी भेट कोणाच्याच भल्याची नाही. रोपं टिश्यू कल्चरची, बंद कपातली द्या, म्हणजे गोगलगायी आणि शेवाळ सोबत जाणार नाही. एप्रिल-मेमध्ये विदर्भात तीही पाठवू नका. त्याऐवजी देशी बदामाची वाळलेली पानं द्या. पाण्यात टॅनिन सोडणारी ही पानं फायटर आणि कोळंबी दोघांनाही मानवतात, आणि प्रवासात त्यांचं काही बिघडत नाही. प्रत्येक सजीव वस्तूवर एक ओळ छापा: नको असेल तर नदी-तलावात टाकू नका. दक्षिण अमेरिकेतला सकर आपल्याच व्यापाराच्या वाटेनं आला आणि आज उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यांची नासाडी करतो.

हिशेबाच्या दोनच गोष्टी. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागतात आणि तेच वजन धरतात. 30 बाय 25 बाय 20 ची पेटी आत पाव किलो माल असला तरी 3 किलोची ठरते. पेटी लहान केली की दर दोन महिन्यांनी पाठवणंही परवडतं, आणि बहुतेक स्थिर टाक्यांना तेवढंच पुरतं.

दुसरी गोष्ट वर्गणीच्या कपातीची. रिझर्व्ह बँकेच्या 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार खात्यातून आपोआप रक्कम जाण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जाते. बरेच जण तिला घाबरतात, कारण ती वाचून ग्राहक वर्गणी रद्द करतो. त्या सूचनेच्या दोन-तीन दिवस आधी आपलाही निरोप जाऊ द्या: या महिन्यात काय येणार आहे, आणि नको असेल तर हा महिना वगळण्याची सोय.