रंगाच्या वर्गाआधींचे वीस दिवस

आपल्या संघाच्या सभासदांच्या घरांतील स्त्रियांकरितां कापड रंगविण्याचा व ठशांनीं छापण्याचा दोन दिवसांचा प्रात्यक्षिक वर्ग भरविण्याचें घाटत आहे. विचार स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. परंतु जी योजना आमच्या ऐकण्यांत आली, तींत मंडप, चहा, पाहुणे व प्रशस्तिपत्रें यांची तजवीज बारकाईनें केलेली असून कापड, पाणी व भांडीं यांविषयीं एक अक्षरही नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, हा वर्ग खरा सुरू होतो तो उद्घाटनाच्या आधीं वीस दिवस. ते दिवस वायां घालविले तर पुढील दोन दिवस म्हणजे निव्वळ जत्रा होय.

हें आम्ही पदरच्या अनुभवानें लिहीत आहों. दोन वर्षांपूर्वीं अशाच एका वर्गास आमच्या सूनबाई व त्यांच्या बचत गटांतील बायका गेल्या होत्या. त्यांनीं जावें असा आग्रह आमचाच. गटाच्या शिलकेंतून मांजरपाटाचे नवे तागे घेतले व दुकानांतून आणले तसेच रंगांत बुडविले. रंग असा खुलून दिसला कीं पाहणारानें वाहवा करावी. पहिल्याच धुण्यांत तो मोरीवाटे निघून गेला. विकलेल्या चादरी परत आल्या, पैसे फिरवावे लागले व गटाची शिल्लक निम्म्यावर आली. कोणीं आम्हांस बोल लावला नाहीं, त्यामुळें अधिकच वाईट वाटलें.

दोष रंगाचा नव्हता. विणण्यापूर्वीं सुतास खळ दिलेली असते आणि कापसाचें अंगचें मेण असतें, तें निराळेंच. तीं दोन्हीं निघाल्यावांचून रंग सुतांत शिरत नाहीं, वरच्यावर बसतो. यासाठीं कापड कोरडें असतांना वजन करून धुण्याच्या सोड्यांत तासभर उकळावें व भरपूर पाण्यांत खळबळून काढावें. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो तत्काळ जिरला तर ठीक. मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हां उकळावें. नंतर किलोभर कापडास सुमारें दोनशें ग्रॅम हिरडापूड या मानानें हिरड्याचें पाणी देऊन उन्हांत वाळवावें. हा हिरडा आपल्या राधानगरीकडील रानांतला. कोल्हापुरी पायताणाचें चामडें कमावण्यास बाभळीच्या सालीबरोबर जो लागतो, तोच. अशा कापडावर तुरटीच्या खळीचा ठसा उमटवून तें मंजिष्ठेंत उकळलें कीं ठशाची जागा तांबडी होते. तुरटी नसली तर मंजिष्ठा कापसास नीट धरीत नाहीं.

आतां काळा रंग. यास लागतो आपला गूळ, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. राजस्थानांतील बगरू येथील छिपे गंजलेलें लोखंड, गूळ व पाणी मडक्यांत घालून पंधरा-वीस दिवस आंबवितात. गुळाचें आंबून आम्ल होतें व तें लोखंड विरघळवितें. हें पाणी गाळून त्यांत चिंचोक्याचें पीठ शिजविलें कीं छापण्याजोगी खळ होते, आणि हिरडा दिलेल्या कापडास ती लागतांच कापड काळें पडतें. पूर्वीं हिरडा व हिराकस यांची शाई करीत, तिचें तत्त्व हेंच. उद्घाटनाच्या आदल्या सायंकाळीं हें मडकें भरून काय उपयोग?

ठसेही आयत्या वेळीं आणूं नयेत. नवा लांकडी ठसा कांहीं दिवस तेलांत मुरवावा लागतो, नाहींतर तो तडकतो. मेजावर गोणपाटाच्या घड्या घालून वर कापड ताणून बसवावें. ठसा सरळ दाबून सरळ उचलावा. महसूल खात्यांत आमचा जन्म शिक्के मारण्यांत गेला. घसरलेला शिक्का व घसरलेला ठसा यांत फरक एवढाच कीं, शिक्का वाचणारा तक्रार करीत नाहीं.

कोणते रंग शिकवावे याविषयींही थोडें लिहितों. बिटाच्या रसानें कापड गुलाबी करून दाखविणें सोपें आहे, पण तो रंग टिकत नाहीं. हळद मनोहर खरी, परंतु उन्हानें विटते. त्यापेक्षां डाळिंबाची साल, बाभळीची साल व दसऱ्यानंतर उकिरड्यावर जाणारा झेंडू हे तुरटीच्या संगतींत अधिक भरंवशाचे.

ही विद्या आपल्याकडून कां गेली हें सांगण्यास फार जागा नको. १८५६ मध्यें पर्किन यानें कृत्रिम जांभळा रंग काढला, १८६९ मध्यें मंजिष्ठेंतील रंगद्रव्य रसायनशाळेंत तयार झालें, १८९७ मध्यें कृत्रिम नीळ बाजारांत आली. इकडे १९०४ मध्यें इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला, १९०६ मध्यें कोल्हापुरास शाहू मिल निघाली, व कापडाचें काम घरांतून कारखान्यांत गेलें. त्या भरभराटीचें मोल पंचगंगा आजही देत आहे. रंगीत सांडपाणी पिकास पाजण्याची पाळी कोणावर आली तर काय होतें, हें शिरोळकडील शेतकऱ्यांस विचारावें.

म्हणून वर्गाच्या पाण्याची वाट आधींच ठरली पाहिजे. वनस्पतीचा रंग म्हणजे सर्व शुद्ध, ही समजूत खोटी आहे. रंग पक्का व्हावा म्हणून कोणी मोरचूद सुचवील. द्राक्षांवर फवारणारास त्याचा विषारीपणा ठाऊक आहेच. तो वर्गांत आणूंच नये. तुरटीचें व लोखंडाचें उरलेलें पाणीही ओढ्यांत न सोडतां विहिरीपासून दूर खड्डा काढून त्यांत जिरवावें. भांडीं स्टीलचीं घ्यावीं. लोखंडी कढईंत पिवळा रंग मळकट होतो. विहिरीच्या पाण्यांत लोखंडाचा अंश असेल तरी तेंच होईल, तेव्हां एक चिंधी आधीं रंगवून पाहावी.

वर्गाची तारीख ठरविण्यापूर्वीं कार्यकारी मंडळानें मडकें भरण्याची तारीख ठरवावी, एवढी आमची विनंती आहे. मडक्यास जागा आमच्या परसांत आहे व गूळ आम्ही देऊं. बैलांचे झिजलेले पत्रे, मोडके फाळ, गंजलेले खिळे ज्यांच्या गोठ्यांत पडून असतील त्यांनीं ते येत्या बाजाराच्या दिवशीं आणून टाकावे. वास येईल, तो शेजाऱ्यांस आम्ही समजावूं.