पुस्तक वाचून बॅट सरळ येते का?

गेल्या उन्हाळ्यात मी एक उद्योग केला. कॉलेजच्या लायब्ररीत, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांच्या ढिगामागे, क्रिकेट शिकवणारं एक जुनं पुस्तक सापडलं. कव्हर गायब, पानं पिवळी, आत पांढऱ्या कपड्यातल्या फलंदाजाची रेखाचित्रं. बॅट कशी धरायची, उभं कसं राहायचं, पुढचा पाय कुठे टाकायचा, सगळं क्रमवार. रात्री आरशासमोर बॅट घेऊन उभा राहिलो. डोकं स्थिर. कोपर वर. पाय बॉलच्या रेषेत. काय दिसत होतो म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी कापूस निघून गेलेल्या वावरात मॅच होती. पहिलाच बॉल. माझ्या डोक्यात चार सूचना एकदम सुरू झाल्या. त्या संपेपर्यंत दांडी उडाली होती. विकेटकीपर असलेला मित्र म्हणाला, ‘‘काऊन रे, पुस्तक घरीच राहिलं का?’’

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. शरीराने करायची गोष्ट पुस्तकातून शिकता येते का? आपल्या जिल्ह्यातल्या पोरांसाठी हा टाइमपास प्रश्न नाहीये. अकादमीची फी, किट, लेदर बॉल, शहरात रोजचं येणं-जाणं हे किती घरांना परवडतं? गावाकडच्या बहुतेकांना कोच मिळतच नाही. त्यांचा ‘सर’ म्हणजे एकतर पुस्तक, नाहीतर मोबाइल.

या प्रश्नावर सगळ्यात जास्त डोकेफोड झाली ती गोल्फमध्ये. जालन्यात गोल्फचं काय काम, असं म्हणू नका. त्या खेळात बॉल जागेवर पडलेला असतो. बॉलर नाही, यॉर्कर नाही, अंपायरही नाही. चूक झाली तर ती शंभर टक्के आपल्याच स्विंगची. म्हणून हौशी खेळाडू स्विंग सुधारायला पुस्तकांवर तुटून पडतात. त्यातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे अमेरिकन खेळाडू बेन होगनचं ‘फाइव्ह लेसन्स’. 1957 साली आधी ते एका क्रीडा साप्ताहिकात पाच भागांत आलं, मग पुस्तक झालं. त्यातली अँथनी रॅव्हिएलीची चित्रं इतकी नेमकी आहेत की बघणाऱ्याला वाटतं, आता जमलंच.

पण इथे एक गोम आहे. होगनचा मूळ त्रास होता ‘हूक’. म्हणजे आपला क्रिकेटमधला हूक शॉट नव्हे. उजव्या हाताच्या खेळाडूने मारलेला बॉल हवेत डावीकडे वळून भरकटणं. त्यावर त्याने वर्षानुवर्षं मेहनत करून आपली पकड आणि स्विंग बदलला. बहुतेक हौशी खेळाडूंचा त्रास मात्र नेमका उलटा असतो. त्यांचा बॉल उजवीकडे पळतो. त्यामुळे गोल्फमधले अनेक जाणकार म्हणतात, होगनची पकड जशीच्या तशी उचलली तर अशा खेळाडूचं दुखणं वाढूही शकतं. औषध चांगलंच आहे हो, पण ते दुसऱ्याच्या आजारावरचं!

क्रिकेटमध्येही तेच. डॉन ब्रॅडमन यांनी 1958 मध्ये ‘द आर्ट ऑफ क्रिकेट’ हे पुस्तक लिहिलं. आजही ते क्रिकेट शिकवणाऱ्या उत्तम पुस्तकांत धरलं जातं. गंमत बघा, खुद्द ब्रॅडमन यांची बॅट सरळ मागे जायची नाही, ती स्लिपच्या दिशेने जायची. त्यांची पकडही चारचौघांसारखी नव्हती. लहानपणी बोराल गावात ते घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांच्या ओट्यावर गोल्फचा बॉल मारायचे, आणि उलटून येणारा तो बॉल स्टंपने टोलवायचे. कोच नाही, नेट्स नाहीत. सरासरी 99.94! पुस्तक त्यांनी खेळून झाल्यावर लिहिलं.

मग पुस्तकं बंद करायची का? माझं म्हणणं तसं अजिबात नाही. मी पहिल्या बॉलवर बोल्ड झालो ते पुस्तकामुळे नाही. पुस्तक चुकीच्या वेळी डोक्यात उघडलं म्हणून झालो.

याबाबतीत एक प्रयोग वाचण्यासारखा आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेला. गोल्फ कधीच न खेळलेल्या लोकांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला सांगितलं, आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. दुसऱ्याला सांगितलं, काठीचं टोक कसं फिरतंय तिकडे लक्ष द्या. दुसऱ्या गटाचे फटके जास्त अचूक निघाले, आणि दुसऱ्या दिवशीच्या चाचणीतही तो गट पुढेच राहिला. म्हणजे फटका मारताना ‘माझं कोपर कुठंय, माझा गुडघा कुठंय’ सुरू झालं की गडबड होते. आणि जुनी पुस्तकं नेमकी कोपर-गुडघ्याच्या भाषेतच बोलतात.

म्हणून पुस्तक बॅटिंग करताना नाही, बॅटिंग बघताना कामाला येतं. हे मला उशिरा कळलं. बोल्ड झाल्यानंतर आठवड्याने मित्राला मोबाइलवर माझी बॅटिंग शूट करायला लावली. आधी तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला होता. काहीच कळलं नव्हतं, फक्त शर्ट कसा दिसतोय ते बघितलं. पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवल्यावर एकदम दिसलं: बॉल यायच्या आधीच माझं डोकं ऑफ साइडला कलंडतंय. चूक माझ्याजवळ कधीपासूनच होती. तिला नाव नव्हतं. नाव पुस्तकाने दिलं.

मग दोन आठवडे फक्त तेवढंच. पाय नाही, कोपर नाही, पकड नाही. भिंतीवर टेनिस बॉल मारायचा आणि तो बॅटवर लागेपर्यंत बघायचा. मी काही लगेच शतकं ठोकायला लागलो नाही. पण सरळ बॉलवर दांडी उडणं कमी झालं. एवढं मला पुरे आहे.

तुम्ही म्हणाल, यासाठी पुस्तक कशाला? रील आहेत ना. बरोबर आहे, रीलमध्ये हालचाल दिसते, पुस्तकात चित्र गप्प उभं असतं. पण सकाळचा रील म्हणतो पाय पुढे टाक, दुपारचा म्हणतो मागे राहा, रात्रीचा म्हणतो हे दोघं चूक. पुस्तकाला क्रम असतो: आधी पकड, मग उभं राहणं, मग पाय. आणि मुख्य म्हणजे पुस्तक संपतं. संपलं की मैदानावर जावंच लागतं.

आपल्याकडे कुस्ती, मल्लखांबाची विद्याही पुस्तकात उतरली आहे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड आहेत. तरी तालमीतला वस्ताद काही बेकार झाला नाही. कारण पुस्तक डाव सांगतं. मान पकडून ‘इथे चुकतोस’ असं वस्तादच सांगतो. ज्याला वस्ताद नाही त्याने निदान एक खरं बोलणारा मित्र शोधावा.

मित्राचा शेवटचा मुद्दा होता, ‘‘आपला विजय झोल काय पुस्तक वाचून मोठा झाला का?’’ जालन्याच्या विजयने 2011 मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 केल्या आणि 2014 च्या 19 वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताचं नेतृत्व केलं. मान्य, 451 धावा पुस्तकातून येत नाहीत. त्या हजारो बॉल खेळून येतात. पण आपल्यापैकी बहुतेकांना तेवढे बॉल टाकणारं कुणी नाही. जे थोडे बॉल वाट्याला येतात ते वाया जाऊ नयेत, एवढंच पुस्तकाचं काम. ते लहान नाही.

तर एक पुस्तक, एका वेळी एकच चूक, एक मोबाइल आणि एक मित्र. आणि कॉलेजच्या लायब्ररीला एक विनंती: गाइडांच्या शेजारी खेळाच्या पुस्तकांचं एक कपाट ठेवा की! मराठी पुस्तकं असली तर उत्तमच.

ते जुनं पुस्तक सध्या माझ्याकडे नाही. विकेटकीपर घेऊन गेलाय. म्हणतो, ‘‘फक्त चित्रं बघायला.’’