अडकलात? मग अडकून राहा की!

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचं आहे. कोणाशी? तर गेममधलं एखादं मिशन दोनदा हरलं की तिसऱ्यांदा सरळ व्हिडिओ लावून बसणाऱ्या तमाम सज्जनांशी. 'अरे, आठवडाभर मान मोडून काम करतो, शनिवारी पण डोक्याला शॉट कशाला?' हे त्यांचं लाडकं वाक्य. मग बाबा, गेम तरी कशाला खेळतोस? झोप की मस्त.

उदाहरणाला 'अॅडव्हान्स वॉर्स' घेऊ. इंटेलिजंट सिस्टिम्सने निन्टेंडोच्या गेम बॉय अॅडव्हान्ससाठी बनवलेला. अमेरिकेत तो १० सप्टेंबर २००१ ला आला (दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगायला नको). युरोपला जानेवारी २००२ पर्यंत थांबावं लागलं आणि खुद्द जपानमध्ये तर तो २००४ साली, दुसऱ्या भागाच्या जोडीने निघाला. यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालायचं, स्क्रीनला स्वतःचा उजेड नाही, म्हणजे ट्यूबलाइटखाली वाकडंतिकडं धरून बसायचं. असो.

या गेमच्या अगदी शेवटाला 'रायव्हल्स!' नावाचं मिशन आहे. तुम्ही अँडी, समोर ईगल. ईगल म्हणजे विमानवाला गडी, आणि त्याची पॉवर म्हणजे निव्वळ छळ: पायदळ सोडून त्याच्या सगळ्या युनिट्सना त्याच दिवशी दुसरी चाल मिळते. बॉम्बर एरवी ७ घरं जातो. इथे तो ७ घरं जाऊन मारतो आणि परत ७ घरं जाऊन परत मारतो. तुमच्या अँडीकडे काय? तर सगळ्या युनिट्सची थोडीशी डागडुजी. हे म्हणजे समोरच्याने ट्रक घातला आणि तुम्ही बँड-एड काढलं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे चीटिंग आहे. पण जरा थांबा, आणि कंसातले दोन शब्द परत वाचा. नाही, कंस नव्हता, तरी वाचा: 'पायदळ सोडून'. शहरं कोण ताब्यात घेतं? फक्त पायदळ! म्हणजे ईगल कितीही दोनदा नाचला तरी त्याची कमाई दुप्पट वेगाने वाढत नाही. एका शहराचे दिवसाला १,००० मिळतात. बॉम्बर २२,००० चा, त्याला पाडणारी विमानविरोधी गाडी ८,००० ची, आणि वाट अडवून उभा राहणारा शिपाई १,००० चा. वर कॉम्प्युटरला एपीसी दिसली की राहवतच नाही, जीव टाकतो तिच्यावर. ती ५,००० ची. म्हणजे आमिष किती स्वस्त ते बघा.

ही गणितं व्हिडिओत पण सांगतात की, असं तुम्ही म्हणाल. सांगतात ना. दहावीला अपेक्षित प्रश्नसंच पण सगळं सांगायचा. मार्क मिळाले, भूमिती कोणाला आली?

खरी गंमत अशी आहे की हे मिशन तुम्ही हरता तिसऱ्या दिवशी आणि तुम्हाला कळतं पंधराव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी शिपायाऐवजी रणगाडा बनवलात, दोन शहरं ईगलला गेली, बाकी सगळं व्याज. कारण आणि परिणाम यांच्यात एवढं अंतर असलं की ते शोधायला मागे मागे जावं लागतं, आणि ही सवय दुसऱ्याची चाल बघून लागत नाही. आपल्या धंद्यात रोज हेच चालतं. सर्व्हर आज रात्री दोन वाजता झोपतो, पण त्याचं कारण तीन आठवड्यांपूर्वी कोणीतरी बदललेली एक ओळ असते. आमच्याकडे हल्ली एरर मेसेज नीट वाचायच्या आधीच तो एआयच्या चॅटमध्ये चिकटवतात. उत्तर येतं, बऱ्याचदा बरोबरही येतं. ज्या रात्री येत नाही, त्या रात्री सगळे एकमेकांची तोंडं बघतात. पाच मिनिटं अडकून बसायची ताकदच नाही, तर पाच तास कुठून बसणार?

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे. 'कठीण आहे? मग तूच कच्चा!' म्हणून मिशीला पीळ देणारे. यांचंही मला पटत नाही. प्रत्येक अडकणं काही थोर नसतं. २००२ चा जपानी 'फायर एम्ब्लेम' घ्या. त्यात नकाशाच्या कडेला अचानक शत्रूचे नवे सैनिक उगवतात आणि त्याच क्षणी चालून येऊन तुमचा माणूस मारतात. मेलेला माणूस परत नाही. हे आधी कळण्याचा मार्गच नाही, एकदा मरूनच कळतं. ही अवघड परीक्षा नव्हे, हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न. तिथे खुशाल व्हिडिओ बघा, मी काही बोलणार नाही.

'अॅडव्हान्स वॉर्स' असं करत नाही. हल्ल्याआधी किती टक्के नुकसान होईल ते दाखवतो. त्यात थोडं नशीब मिसळतं, पण थोडंच. शत्रूवर कर्सर नेऊन बी दाबून धरा, त्याचा मारा कुठवर पोचतो ते दिसतं. ईगलचं मीटर किती भरलंय तेही समोर. सगळे पत्ते टेबलावर उघडे आहेत हो! तरी आपण हरतो, आणि नेमकं म्हणूनच इथे बसून राहण्यात अर्थ आहे.

एप्रिल २०२३ मध्ये स्विचवर याचा नवा अवतार आला. त्यात सोपी पातळी आहे, अख्खी पाळी पुसून नव्याने खेळायची सोय आहे. जुनी मंडळी त्यावरही नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. पाळी पुसली तरी नवी चाल तुमच्याच डोक्यातून यावी लागते. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला तेवढी सवलत हवीच. पण पुसल्यावर लगेच फोन उचलू नका. ईगलचं मीटर भरत आलंय ना? मग बी दाबा, एकेका विमानाचा पल्ला मोजा, तो दुप्पट धरा, आणि त्या रेषेच्या आत काय काय उभं करून ठेवलंय ते एकदा बघा.