अंतरंगाची पळवाट

चेहरा विद्रूप झालेल्या स्त्रीला ‘खरे सौंदर्य अंतरंगात असते’ असे सांगण्याची आपल्याकडे फार हौस आहे. कथा-कादंबऱ्यांनीही हा सूर पुष्कळ आळविला. त्यातील मेख अशी, की तिचा चेहरा पाहण्याजोगा उरला नाही हा निकाल सांत्वनाआधीच लागलेला असतो. शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून लोक नाशिकची व्युत्पत्ती सांगतात. जिचे ते नाक, तिच्या पुढील आयुष्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

चरोदा-भिलाईचा परिसर पोलादाचा. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी येथील कारखान्यात वायुवाहिनीचा स्फोट होऊन कामगार होरपळले. भट्टीने भाजलेल्या पुरुषाला ‘तू असे काय केले होतेस?’ असे कोणी विचारीत नाही. ॲसिडने भाजलेल्या स्त्रीला मात्र पहिला प्रश्न तोच!

मुंबईच्या रेशमा कुरेशीवर मे २०१४ मध्ये अलाहाबादेत ॲसिड फेकले गेले. ती अवघी सतरा वर्षांची होती. एक डोळा गेला. पुढल्याच वर्षी तिने चित्रफितीतून ओठ रंगविण्याचे धडे दिले आणि लिपस्टिकइतक्याच सहजतेने ॲसिड मिळते, हे त्याच ओघात सुनावले. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन सप्ताहात ती त्याच चेहऱ्याने चालली. यात प्रसाधनाचा सोस पाहणाऱ्यांना तिचा मुद्दा कळलाच नाही. अंतरंगाच्या अडगळीत जाऊन बसण्याचे तिने नाकारले. आहे तो चेहरा चारचौघांत मांडला.

उघड्यावरील ॲसिडविक्रीला निर्बंध आणि किमान तीन लाखांची भरपाई, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिडपीडितांचा समावेश झाला. तरीही डोळ्यांना कायमची इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांना खाते उघडताना बँकेच्या यंत्रापुढे अडावे लागले. ग्राहक जिवंत असल्याची खूण म्हणून यंत्राला पापणी लवलेली हवी होती! मग आत्मसन्मान उभारण्याचे प्रवचन कोणाला ऐकवायचे, तिला की यंत्र बसविणाऱ्यांना?

त्यांच्या याचिकेवर ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला आणि पापणी लवविण्याला पर्याय देण्यास सांगितले. तो पर्याय चरोद्याच्या बँकेतही मागितल्याबरोबर मिळाला पाहिजे, आणि तो देताना लिपिकाने तिच्या चेहऱ्याची हकीकत विचारता कामा नये.