‘आपल्याला काय जमणार?’

मुलांनो, मंचर सोडून नारायणगावकडे निघालं की वाटेत कळंब लागतं. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरातला प्रसंग डोळ्यांपुढे आणा. आठवीतल्या ताईला गणिताच्या चाचणीत २० पैकी ६ गुण पडलेत. एनएमएमएस परीक्षेला नाव द्यायचा उद्या शेवटचा दिवस. या परीक्षेतून निवड झाली, तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पण ताई म्हणते, “मी नाही बसणार. मला गणित कधीच जमत नाही. मला डोकंच नाही!”

ओट्यावर बसलेले नाना टोमॅटोची पट्टी बघत म्हणतात, “खरंय बाई. आपलं नशीबच असलं.”

आता सांगा, अशी निराश माणसं आशावादी होऊ शकतात का? की तो स्वभाव जन्माचाच?

अमेरिकेतल्या मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रयोग तसे क्रूरच होते. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, आणि काही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, की मधल्या बुटक्या आडोशावरून उडी मारली की सुटका. तरी त्यांतले बरेचसे कुत्रे जागचे हललेच नाहीत! मग काहींना पट्ट्याला धरून पुन्हा पुन्हा पलीकडे नेलं. तेव्हा मात्र ते आपण होऊन उड्या मारू लागले.

गंमत पुढेच आहे. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी लिहिलं, की आपलं पूर्वीचं स्पष्टीकरण उलटं होतं. सतत त्रास झाला की हातपाय गाळून बसणं मेंदूला शिकावं लागत नाही, ते आपोआप होतं. शिकावी लागते ती ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ ही जाणीव. म्हणजे आशा शिकता येते. सेलिग्मन तर स्वतःलाच जन्माचा निराशावादी म्हणवतात!

मग शिकायचं कसं? अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास एक साधी गोष्ट मांडली. घटना घडते, तिच्याविषयी आपण मनात काही बोलतो, आणि त्या बोलण्याप्रमाणे आपल्याला वाटतं. मुंबईच्या किशोर फडके यांनी हाच विचार ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ म्हणून आपल्याकडे रुजवला. तेव्हा घटना बदलता आली नाही, तरी मनातलं वाक्य तपासता येतं.

निराश वाक्यात तीन शब्द दडलेले असतात: ‘नेहमी’, ‘सगळं’ आणि ‘माझ्यातच खोट’. ताईनं वही काढली आणि पेपर पुन्हा पाहिला. अपूर्णांक बरोबर होते. समीकरणात चिन्हं बदलायची राहिली होती. म्हणजे ‘सगळं’ नाही, एक धडा कच्चा. ‘नेहमी’ नाही, या वेळी. ‘डोकं नाही’ असंही नाही, सराव नाही. आणि सराव तर वाढवता येतो!

आता नानांची पट्टी. २०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटो मातीमोल झाला होता. त्याच वर्षी जुलैत शहरांत तो किलोला १०० रुपयांच्या वर गेला, आणि सप्टेंबरात पुन्हा गडगडला. पडलेला भाव कायमचा नाही, तसा चढलेलाही नाही. नशिबाला बोल लावून भाव वाढत नाही. पण पुढची लागवड केव्हा आणि किती, हे थोडंफार आपल्या हातात असतं.

आशावाद म्हणजे ‘सगळं छानच होणार’ असं घोकणं नव्हे बरं का. आभाळ भरून आलं असताना कांदा झाकून ठेवणारा माणूस निराशावादी नसतो, शहाणा असतो. स्वभावाचा थोडा भाग जन्मजात असतो, हेही खरं. शिवाय उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप-भूक गेली, तर एकट्यानं झुंजू नका. आईबाबांना, सरांना सांगा, डॉक्टरांकडे जा.

आणि पालकांनो, आपण ओट्यावर बसून जे बोलतो, ते आत अभ्यास करणारं मूल ऐकत असतं. ‘तू आळशीच आहेस’ याऐवजी ‘आज अभ्यास राहिला’ म्हणून पाहा. पहिल्या वाक्याला उपाय नाही, दुसऱ्याला आहे.

या आठवड्यात एक करा. ‘मला कधीच...’ असं वाक्य मनात आलं, की ते वहीत लिहा आणि खाली विचारा: खरंच कधीच? एकदाही नाही?

ताईची निवड होईल का? ते निकालच सांगेल. पण वही मिटून ती ओट्यावर आली आणि म्हणाली, “नाना, उद्या मी नाव देते.”

नानांनी पट्टी घडी करून खिशात ठेवली. “दे की,” ते म्हणाले. “आणि ती समीकरणं मला पण दाखव.”